अप्पा पडत न्हाई, उतरतो

ओट्यावर जरा टेकलं की कोणी ना कोणी येतंच. "बाबा, फटफटीचं सांगा." काय सांगू? ह्या गोष्टी कडब्याच्या गंजीसारख्या असतात. खालची एक पेंडी ओढावी तर वरच्या चार अंगावर येतात, आणि पुन्हा रचायला कोणी थांबत न्हाई. ऐकणारे चहा पिऊन जातात, गुडघे माझे दुखतात. म्हणून एकदा लिहूनच टाकायला घेतलं. पुढं कोणी विचारलं की कागद पुढं करायचा आणि डोळे मिटायचे.

माझी शाळा दुसरीत सुटली. मी सोडली न्हाई, मास्तरनं सोडायला लावली. तवा शुद्ध-अशुद्ध काढत बसू नका.

आता पोरं एका गाडीवर तिघं तिघं बसतात आणि मधला तंबाखू मळतो. मी सांगतोय ते निजामाच्या राजातलं. जिंतूरात तवा एकच फटफटी होती, ती आमच्या अप्पाची. अप्पा म्हणजे विश्वनाथअप्पा, कापसाचे व्यापारी, जिनिंगचे मालक. कपाळावर विभूती, अंगात काळा कोट, डोक्यावर फेटा. त्यांच्या जिनिंगच्या इंजिनाला तेल घालायचं काम माझं. अप्पाची घोडी म्हातारी होऊन मेली, दुसरी घ्यायला मन होईना. परभणीला रेल्वेचा एक गोरा साहेब बदलून चालला होता, त्याची फटफटी अप्पानं आणली. आणली ती बैलगाडीत घालून.

चालवायची मी. अप्पा म्हणायचा, "तेलात हात घालणं मालकाला शोभत न्हाई." मग मालकानं बसायचं कुठं? मागं. इथंच सगळं बिघडलं.

अप्पा नामांकित घोडेस्वार. बिनखोगिराची घोडी पळवायचा. त्याच्या मतानं मागं बसून पुढच्याला धरतात त्या बाया, लेकरं आणि आजारी माणसं. बाप्यानं धरायचं न्हाई. मागं बसावं लागलं हेच लय झालं, वर धरायचं? न्हाई म्हणजे न्हाई.

आणि अप्पाची बायको, आमची आक्का. ती पहिल्याच दिवशी चौकटीत उभी राहून मला म्हणली, "किसन्या, जसा घेऊन चाललास तसाच आणून दे. जरा जरी खरचटलेलं दिसलं तर ह्या दारात तुझं तोंड दिसायचं न्हाई."

बघा आता. तो धरणार न्हाई, ती सोडणार न्हाई, आणि मधी मी.

*

पहिला दिवस बाजाराचा होता. अप्पानं मुद्दाम बाजाराचा दिवस धरला. मारुतीच्या पारापाशी दोन्ही अंगानं माणसं दाटली होती. अप्पा ऐटीत बसला, दोन्ही हात मांड्यांवर.

मी हळूच म्हणलं, "अप्पा, धरा. झटका बसतो."

"किसन्या, मी घोड्यावरून तलवार फिरवलेला माणूस हाय."

"घोडं पाय उचलून चालतं अप्पा. हे एकदम सुटतं."

"चल म्हणलं की चलायचं."

मी किक मारली, गिअर टाकला. गाडी सुटली. अप्पा जिथं होता तिथंच राहिला. म्हणजे आधी हवेत राहिला, मग सडकेवर बसला. मांडी तशीच, हात तसेच मांड्यांवर. फेटा सुद्धा हलला न्हाई.

मेथीची जुडी बांधणारी बाई जुडी तशीच धरून राहिली. अप्पाचे कितीतरी लोक मिंधे, हसणार कोण?

अप्पा उठला. धोतर झटकलं. समोर पानवाल्याचं दुकान होतं, तिकडं चालत गेला आणि तिथून मला हाक मारली, "थांब रे. मी उतरलो. पान खायचं राहिलं होतं."

पान खाल्लं. सगळ्या बाजारादेखत सावकाश खाल्लं. मग परत येऊन बसला, हात मांड्यांवर. मी गाडी इतकी हळू सोडली की एक कुत्रं आम्हाला मागं टाकून गेलं.

घरी आल्यावर आक्कानं कोटाची मागची बाजू बघितली. "ही माती कशाची?"

अप्पा म्हणला, "उतरलो होतो."

आक्का माझ्याकडं बघायला लागली. मी गाडीकडं.

*

मग अप्पानं डोकं चालवलं. बाप्या माणूस माणसाला धरत न्हाई, पण लगाम तर धरतो. झालं. खोगीर शिवणाऱ्या जिनगराला बोलावलं. मागच्या लोखंडी जाळीवर मेलेल्या घोडीचं खोगीर बसवून घेतलं, पाय ठेवायला रिकिबी लावल्या, आणि हँडलाच्या दोन्ही टोकांना चामड्याचा लगाम. लगाम माझ्या दोन्ही काखांतून मागं, अप्पाच्या हातात.

मी म्हणलं, "अप्पा, हे धरायला ठीक हाय. पर वढू नका."

"मी काय नवा हाय का लगामाला?"

गावाबाहेर पडलो. अप्पा खुशीत. मधूनच जिभेनं चक् चक् करायचा, घोडीला करायचा तसं. मला वाटलं, चला, ह्यातून तरी निभेल. तेवढ्यात समोरून सरकीची बैलगाडी आली. मी गाडी डावीकडं घ्यायला लागलो. अप्पानं सवयीनं उजवा लगाम खेचला. मी डावीकडं, तो उजवीकडं. मी विलायती मशिनीवर बसलोय की बैलावर, मला कळंना.

उजवीकडं म्हशींचं डबकं होतं. आम्ही मधोमध गेलो.

मी चिखलात पालथा. अप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभा, लगाम हातात. म्हशी हलल्या सुद्धा न्हाईत. सरकीच्या गाडीवाला पळत आला.

"अप्पा, पडलात का? लागलं का कुठं?"

"पडंन कशाला? म्हैस बघायला उतरलो. ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली कोणाची हाय? इकायची हाय का?"

आता आली का पंचाईत. म्हशीवाला काठावरच बसला होता. तो म्हणला, "इकायची की अप्पा, तुमच्यासाठी का न्हाई?" अप्पाला शब्द फिरवता येईना. म्हैस घ्यावी लागली.

संध्याकाळी आम्ही परतलो ते असे: पुढं मी गाडी ढकलायलोय, मागं अप्पा म्हैस ओढायलाय. आक्का दारातच. तिनं मला वरखाली बघितलं, अप्पाला बघितलं, म्हशीला बघितलं.

"जाताना दोघं होता," म्हणली.

म्हैस लाथाळ निघाली. धार काढू द्यायची न्हाई. आक्कानं दुसऱ्या दिवशी फटफटीचा लगाम सोडला आणि त्यानं म्हशीचे मागचे पाय बांधले. लगामाचा तेवढाच उपयोग झाला.

*

लगाम गेला, खोगीर राहिलं. हात पुन्हा मांड्यांवर.

एकदा परभणीला निघालो होतो. जिंतूर-परभणी सडक म्हणजे तवा नुसता मुरूम आणि खड्डे. चालवताना मला बोलायची सवय, इंजिनाच्या आवाजात आपलं मनातलं बोलून घ्यायचं. त्या दिवशी माझ्या मेव्हण्याचं चाललं होतं. कसा त्यानं माझा नांगर नेला, कसा फाळ मोडून आणला, आणि वर कसा म्हणतो की आधीच मोडका होता. अप्पा काही बोलंना. अप्पा तसाही कधी बोलत नसायचा.

वाटेत झरीला चहाच्या दुकानापुढं गाडी लावली. दुकानवाला म्हणला, "किसन, आज एकटाच?"

मी मागं बघितलं. खोगीर रिकामं. त्याच्या कडीत अप्पाचं उपरणं अडकून फडफडायलेलं.

अप्पाचं काय झालं हे नंतर, आधी मला चौकटीतली आक्का दिसली. गाडी फिरवली. प्रत्येक खड्ड्यात वाकून बघत मागं आलो. बोरी गाव जवळ आलं तरी अप्पा न्हाई. एका बाभळीखाली चार माणसं कोंडाळं करून बसलेली. मी म्हणलं, संपलं, कोणीतरी तोंडात पाणी घालायलंय.

जवळ गेलो तर मधी अप्पा. मांडी घालून बसलेला. दोन भाऊ बांधावरून भांडत होते, त्यांचा निवाडा चाललेला. अप्पानं माझ्याकडं बघितलं आणि हात वर केला.

"थांब रे जरा. ह्यांचं मिटवून येतो. त्याच्यासाठीच उतरलो."

कोपर सोलून रक्त आलं होतं, ते कोटात लपवलेलं. भावांचं भांडण मिटलं बरं का. त्या गावात अजून सांगतात, अप्पासारखा माणूस न्हाई, लोकांच्या कज्जासाठी चालत्या फटफटीवरून उतरला.

निघताना मी म्हणलं, "अप्पा, आरोळी तरी मारायची. मी थांबलो असतो."

"आरोळी कशाला? मी गप झालो ते तुला कळंना?"

"अप्पा, तुमी बोलता कवा?"

ह्यावर मात्र तो खरंच गप झाला. पुढं थोडं गेल्यावर आपणच म्हणला, "तुझा मेव्हणा चोर हाय."

त्या दिवसापासून मी एक रीत पाडली. जरा सडक कापली की मान न वळवता विचारायचं, "अप्पा?" मागून आवाज यायचा, "हाय." मग पुढं. वर्षानुवर्षं असंच. खेड्यातल्या लेकरांनी बी उचललं. आमची फटफटी दिसली की एक पोरगं ओरडायचं, "अप्पा?" आणि बाकीची सगळी, "हाय!"

*

आता म्हणाल, सगळेच असे होते का? होते. ज्याला ज्याला मी मागं घेतलं, त्याला धरायचीच लाज.

त्या वेळचा एक पोलीस अमीन होता, म्हणजे आताचा फौजदार. त्याची घोडी लंगडली म्हणून अप्पानं त्याला फटफटी दिली, मला दिलं सोबत. अमीन चढतानाच घाबरलेला, पण वर्दी अंगात. वर्दीवाला माणूस शेतकऱ्याच्या पोराच्या कमरेला कसा धरणार? त्यानं तोड काढली. माझी मागची कॉलर धरली. गच्च. गळा आवळला तरी सोडंना.

गावं लागायला लागली तसं मला कळंना, लोक असं का बघायलेत. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. एक बाई म्हणली, "अगं माय, किसनाला नेलं."

आमचं गाव सडकेला लागून. तिथून गेलो तवा आमची म्हातारी शेण थापत होती. तिनं बघितलं, अमीनसाहेबाच्या हातात लेकाची मानगूट, लेकाचे डोळे बाहेर. तिनं तिथंच बसकण मारली आणि मोठ्यानं रडणं सुरू केलं. मला थांबता येईना, सांगता येईना. तोंडातून आवाजच फुटंना.

कामाच्या गावी पोचल्यावर अमीनसाहेब उतरला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणला, "अच्छा चलाते. जरा भी डर नै लगा."

मी घरी आलो तवा निम्मं गाव दारात. मेव्हणा सुद्धा आलेला. नांगराचा नवा फाळ घेऊन आला होता. म्हणला, "दाजी, तुमी ह्याच्यासाठी पोलिसात जाल असं वाटलं न्हवतं."

*

स्वामींची गोष्ट अप्पा हयात होता तोवर मी सांगितली न्हाई.

अप्पाच्या घरी पाद्यपूजा होती. मठातून स्वामींना आणायचं. स्वामी लय म्हातारे, वाळक्या शेंगेसारखे हलके. पण अडचण निराळीच. गुरूला पाठ दाखवायची न्हाई. चालताना सुद्धा लोक मागं मागं सरकत बाहेर पडायचे. आणि फटफटीवर तर माझी पाठ स्वामींच्या नाकापुढं.

अप्पा दोन दिवस त्याच विचारात. शेवटी म्हणला, "पाठ झाकायची." स्वामींची भगवी शाल माझ्या खांद्याला दोन टाचण्यांनी लावली. म्हणजे स्वामींना पाठ दिसायची न्हाई, आपलीच शाल दिसायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीच वाऱ्याचा विचार केला न्हाई.

गाडी जरा पळायला लागली तशी शाल फुगली आणि स्वामींच्या तोंडावर जाऊन बसली. स्वामींना दिसंना. त्यांनी दोन्ही हातांनी मला कवळा घातला तो असा, की मला माझ्या लेकरांनी बी कधी तसं धरलं न्हाई. मठापासून अप्पाच्या दारापर्यंत सोडलं न्हाई. मधून मधून पाठीतून ऐकू यायचं, "शिव शिव शिव शिव."

दारात सगळा समाज जमलेला. स्वामी शालीत गुंडाळलेले, हात माझ्या पोटावर. टाळ वाजायचे थांबले.

मी खाली उतरल्यावर अप्पाला कोपऱ्यात गाठलं. म्हणलं, "अप्पा, बघितलं का? एवढे मोठे स्वामी, त्यांनी बी धरलं. आता तरी."

अप्पानं माझ्याकडं असं बघितलं की मी काही वंगाळ बोललो.

"स्वामी धरत नसतात, किसन्या. आशीर्वाद देतात."

*

मग जर्मनची लढाई आली आणि पेट्रोल मिळंनासं झालं. घासलेटावर चालवायची खटपट केली. धूर इतका निघायचा, की अप्पा पांढऱ्या धोतरात निघायचा आणि विभूती सोडून सगळा काळा होऊन पोचायचा. गाडी निम्म्या वाटेत बंद पडायची. मग मी ढकलायचं.

उतरायचं नाव न्हाई बरं का. एरवी सदा न् कदा उतरणारा माणूस, गाडी बंद पडली की बसून. गाव जवळ आलं की म्हणायचा, "बसूनच शिरायचं." मी खाली, हँडल धरून, घामानं भिजलेला. तो वर, हात मांड्यांवर, लोकांचे रामराम घ्यायलाय. माझे गुडघे आता दुखतात म्हणतो ना, ते तेव्हाचे.

एकदा म्हणलं, "अप्पा, चढ हाय. जरा तरी."

"अप्पा चालत आला असं लोकांनी म्हणायचं का?"

चढ संपल्यावर मी धापा टाकत गाडीला टेकलो. अप्पानं खिशातून पान काढलं, निम्मं मोडलं, मला दिलं. कधी न्हाई ते. मी म्हणलं, "हे कशाचं?"

"खा गप."

*

आक्काचं एक सांगतो, मग शेवटचं.

ती दर वेळी अप्पाच्या हातापायांकडं बघायची आणि मला बोलायची. एक दिवस मला बी सहन होईना. अप्पा जेवायला बसला होता. मी परसात जाऊन म्हणलं, "आक्का, माझ्यावर का चिडता? तो धरत न्हाई. त्यानं धरलं तर मी त्याला काशीला नेऊन आणीन."

आक्का म्हशीपुढं कडबा टाकत होती. हात थांबला तिचा.

"अजिबात न्हाई?"

"कद्धी न्हाई."

"बरं झालं सांगितलंस," म्हणली. "मला वाटलं, मलाच धरत न्हाई."

आणि कडबा टाकायला लागली.

*

आता शेवटचं. ह्यातून अप्पा वाचला, पुढं लेकीचं लगीन लावलं, नातवंडं बघितली, हे आधीच सांगून टाकतो. न्हाईतर तुमी उगं त्यातच अडकून बसता.

निजामाचं राज गेलं त्याच्या आधीचा उन्हाळा. गडबडीचे, रझाकारांचे दिवस. मोटारी बंद. सकाळी अप्पाच्या पोटात कळ उठली ती थांबंना. वैद्यानं पोट दाबून बघितलं, मान हलवली. म्हणला, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात, आणि आजच. बैलगाडीनं पोचायला उद्या उजाडलं असतं. आक्का माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणलं, "पेट्रोल हाय थोडं. पर आक्का, हा धरणार न्हाई. आणि आज तर ह्याला बसवणार सुद्धा न्हाई."

आक्का आत गेली. तिचं नऊवारी लुगडं घेऊन आली. अप्पाला दोघा-तिघांनी खोगिरावर ठेवला, मी किक मारून पुढं बसलो, आणि तिनं आम्हा दोघांना त्या लुगड्यात गुंडाळायला सुरुवात केली. छातीपासून कमरेपर्यंत, फेऱ्यावर फेरा, हात सुद्धा आत. म्हणजे अप्पाचे. माझे हँडलला पाहिजेत.

अप्पा कण्हत म्हणला, "बाईच्या लुगड्यात? गावातून? सोड."

आक्का म्हणली, "गप बसा."

अप्पाला ह्या आधी तसं कोणी म्हणलेलं न्हवतं. तो गप बसला.

गाठ तिनं त्याच्या पाठीवर मारली. माझा हात तिथं पुरंना, त्याचा तर आतच. मग माझ्यापुढं येऊन म्हणली, "किसन्या." एवढंच. पुढचं मला पाठ होतं.

निघालो. एक तर ऊन, त्यात सडक. प्रत्येक खड्ड्याला मागून दात आवळल्याचा आवाज यायचा. मी विचारायचा, "अप्पा?"

"हाय."

बोरी दिसायला लागली तसा म्हणला, "किसन्या, गाठ सोड. गाव आलं."

"गाठ मागं हाय अप्पा. मला पुरत न्हाई."

"मग गावाबाहेरनं घे."

गावाबाहेरून वाट न्हवती. वेशीतूनच गेलो. माणसं उभी राहून बघायली. अप्पानं तोंड माझ्या पाठीत लपवलं. लेकरं होती वेशीत, तीच ओरडणारी. पण एकानं बी "अप्पा?" म्हणलं न्हाई.

नदीच्या पात्रात वाळू. चाक रुतलं. मला उतरता येईना, त्याला उतरता येईना. टरबुजाच्या वाडीतले दोघं आले, त्यांनी आम्हाला गाडीसकट तसंच ढकलत पलीकडं काढलं. एक म्हणला, "अप्पा, जरा उतरला असतात तर हलकं झालं असतं." अप्पाचं तोंड माझ्या पाठीतच.

झरीच्या पुढं नाका होता. बंदुकवाले उभे. एकानं गाडी आडवली, भोवती फिरून बघितलं.

"क्या ले जारा रे? मुर्दा है क्या?"

इंजिन बंद पडू नये म्हणून मी मूठ पिळत राहिलो. तेवढ्यात पाठीतून आवाज आला, "जिंदा हूं." बारीक, पण मालकाचा. बंदुकवाला मागं सरला.

तो शेवटचा आवाज. त्याच्यापुढं मी विचारलं, "अप्पा?" उत्तर न्हाई. जरा पुढं जाऊन पुन्हा, "अप्पा?" न्हाई. इतकी वर्षं तो "हाय" म्हणायचा तर मला त्याचं काही वाटायचं न्हाई. त्या दिवशी समजलं, मी त्याच एका शब्दावर गाडी चालवत होतो. थांबून बघावं तर गाडी बंद पडेल, पुन्हा किक मारता येणार न्हाई. न थांबावं तर मी काय घेऊन चाललोय तेच ठाऊक न्हाई. पोटाभोवती लुगडं इतकं आवळलं होतं, की मला श्वास पुरंना. मनात म्हणलं, आक्का, जरा सैल बांधायचं होतं.

परभणी आली. दवाखान्याच्या दारात गाडी नेऊन भिंतीला टेकवली. डॉक्टर बाहेर आले, कंपाउंडर आला, व्हरांड्यातले रोगी उठून आले. जिंतूरचे दोन ओळखीचे व्यापारी होते, ते बी आले. कंपाउंडरनं गाठ सोडली. लुगडं सैल होऊन खाली पडलं.

आवळलेलं लुगडं न्हवतं.

अप्पाचे दोन्ही हात माझ्या पोटावर, बोटांत बोटं अडकवलेली. कंपाउंडर एक बोट सोडवायचा, दुसरं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा जाऊन बसायचं. डॉक्टर म्हणले, "अहो, हात सोडा. पोचलात तुम्ही."

मी मान वळवली. म्हणलं, "अप्पा, दवाखाना आला. जिंतूरची माणसं बी उभी हायेत. उतरा आता."

अप्पानं डोळे उघडले. डॉक्टरकडं बघितलं, व्यापाऱ्यांकडं बघितलं, सगळ्यांकडं बघितलं.

"नगं रे किसन्या," म्हणला. "पडंन मी."